अहमदपूरला न थांबण्याचं व्रत

आमच्या गाडीला पोटात काजळी धरण्याचा आजार आहे, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर गाडीबद्दल माझं ज्ञान इतकंच होतं, की डावं दार जरा जोरात ओढावं लागतं आणि हे चालवत असताना यांच्याशी बोलायचं नाही.

हे म्हणजे माझे मालक. कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी पाणी मोजून सोडण्यात गेली, त्यामुळं कुठलीही पातळ वस्तू धो धो वाहताना दिसली की यांच्या जिवाची घालमेल होते. नळाचं पाणी असो, दूध असो, नाहीतर डिझेल. नांदेडजवळ विष्णुपुरीला आम्ही घर बांधलं, मग ही गाडी घेतली, आणि गाडीनं कधी चाळीसच्या वरचा काटा पाहिला नाही. गिअर पाचवा आणि वेग चाळीस. गाडी अशी थरथरायची, की डब्यातल्या दह्याचं घरी पोचेस्तोवर ताक व्हायचं. लातूर रोडला उसाच्या ट्रॉल्यासुद्धा आम्हाला मागं टाकून जायच्या. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं वळून विचारलं होतं, "बाबा, धक्का मारावं का?"

"डिझेल पायाच्या अंगठ्यात असतंय," हे मला सांगायचे. "अंगठा हलका ठेवला की ॲव्हरेज मिळतं." उतार आला की गाडी न्यूट्रल. एसी लावायचा विषय आमच्या घरात निघतच नाही.

आता गंमत बघा. इतकं करूनही ॲव्हरेज खाली यायला लागलं. गाडीतल्या पडद्यावर पूर्वी बावीस दिसायचं, ते अठरा झालं, मग सोळा. आकडा उतरला की हे अजून हळू चालवायचे. हळू चालवलं की आकडा अजून उतरायचा. शेवटी गाडी पस्तीसनं, पडद्यावर पंधरा, आणि हे घामानं ओले. त्यातच एक दिवस समोर पिवळी खूण लागली. चौकोनी डबी आणि तिच्यात ठिपके. मला ती साबुदाण्याची पुडी वाटली, म्हणून मी दोन दिवस काही बोललेच नाही.

गॅरेजवाल्या मेस्त्रीनं खाली वाकून बघितलं, मशीन जोडून बघितलं, आणि हात पुसत माझ्याकडंच आला. यांच्याशी बोलून उपयोग नाही हे त्याला चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

"काकू, सायलेन्सरच्या अलीकडं एक फिल्टर असतो. धुरातली काजळी धरून ठेवतो. गाडी गरम पळाली की ती काजळी आतल्या आत जळून जाती. पर बाबा गाडी गरमच होऊ देईना झालेत."

"जोरात पळवली तर डिझेल जास्त जातं," हे म्हणाले. "हे शाळेतल्या पोरालाही कळतं."

"जातं की बाबा. पर आता चोंदलंय म्हणून रोज जास्तीचं जाऊन राहिलं, त्याचं काय? गाडी बिचारी आपणहून साफ करायला बघती, त्याच्यासाठी डिझेल खाती, अन् तेवढ्यात तुम्ही चावी काढता. मग उद्या परत पहिल्यापासून."

त्याचं औषध सोपं होतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यायची, एक गिअर खाली, काटा सत्तरला, आणि लाइट विझेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबायचं नाही. बिलकुल न्हाई. मधे थांबलं की फिल्टर थंड. दर आठ-पंधरा दिवसाला एकदा असं केलं की गाडी ठणठणीत.

मला हे लगेच पटलं. माझं अर्धं आयुष्य कंदिलाच्या काचा पुसण्यात गेलंय. वात बारीक ठेवली, रॉकेल वाचवलं, की काच काळी होते. यांना मात्र पटेना. मग मी विचारलं, "तुमच्या कालव्यात गाळ बसला की काय करायचात?" यांनी चहाचा अख्खा कप संपवला. मग म्हणाले, "पूर्ण दाबानं पाणी सोडायचं एकदा." आणि कप उपडा ठेवला.

पुण्याच्या पोराला कुणी सांगितलं कोण जाणे, त्याचा फोन आला. "आई, तो फिल्टर गेला तर नवा बसवण्यापेक्षा गाडी विकलेली परवडते. मी दिवाळीत येणार आहे. तोवर ही लाइट विझली पाहिजे, आणि परत लागली तर मी येऊन गाडी विकून टाकतो. बाबांचं वयही झालंय."

वयाचं सोडा हो. मला फिकीर पडली ती चाकूरची. चाकूरला माझी थोरली बहीण असते, आक्का. काचबिंदूनं तिची नजर गेली, सावल्या तेवढ्या दिसतात. दर दुसऱ्या सोमवारी मी तिच्याकडं जाते. डोळ्यात थेंब घालते, आणि पंधरा दिवसांत साठलेलं सगळं ती माझ्यापाशी बोलून मोकळी होते. माझे दोन्ही गुडघे गेलेले. एसटीची पायरी मला चढवत नाही, मागून कुणी ढकललं तरी नाही. गाडी गेली म्हणजे माझी आक्का गेली, असा सरळ हिशेब होता. फोनवर भेटता येतं म्हणतात, पण फोनवर थेंब घालता येत नाहीत.

तर ठरलं. पुढच्या सोमवारी चाकूरला जाताना गाडी पळवायची.

पण तुम्हाला आमचा रस्ता माहीत नाही. नांदेडहून चाकूरपर्यंत मैलाचे दगड कमी आणि आमची माणसं जास्त. आणि आमच्याकडं कुणाच्या दारावरून चहा न घेता पुढं जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. त्या सोमवारी गाडीनं जरा कुठं साठ गाठले, तर लोह्याच्या अलीकडं यांचा आतेभाऊ रस्त्यावर हात करून उभा. थांबलो. चहा झाला. तिथून निघून दहा किलोमीटर नाही झालं तर माझी चुलत नणंद. तिथं चहा आणि चिवडा. अहमदपूरच्या बाहेर रस्त्यालगत आमच्या व्याह्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. माझी लेक त्यांच्या घरात दिलीय, ती आणि जावई हैदराबादला असतात. व्याही दुकानापुढं खुर्ची टाकून बसलेले असतात आणि आमची गाडी त्यांना एक किलोमीटरवरून ओळखू येते, कारण मागं ट्रकांची रांग असते. तिथं तर चहावर कधी भागलंच नाही. चाकूरला पोचलो तेव्हा माझ्या पोटात सहा कप चहा आणि गाडीची लाइट तशीच.

तेव्हा मला उमगलं. आमच्या गाडीचा फिल्टर एकट्या यांच्या अंगठ्यानं चोंदला नव्हता. निम्मा चहानं चोंदला होता.

त्याच्या पुढच्या खेपेला मी ठरवलं, कुणाकडं बघायचंच नाही. आतेभावाच्या वेळेला मी खाली वाकून चप्पल शोधली. नणंदेच्या वेळेला यांनी आरसा नीट केला. पण हिंमत यायला यांना वेळच लागला, माळाकोळीपर्यंत काट्यानं पन्नास सोडले नाहीत. मग मी म्हणाले, "गाळ, गाळ!" आणि यांनी दात-ओठ खाऊन गिअर खाली टाकला. गाडी ओरडली. मी पदराचा बोळा तोंडात धरला. खिडकी उघडी, एसी नाही, वारा असा की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

अहमदपूर आलं तेव्हा काटा अठ्ठ्याहत्तर आणि लाइट तशीच लागलेली. व्याह्यांनी आम्हाला बघितलं. उठून उभे राहिले, हात वर केला, आणि आम्ही त्यांच्यासमोरून सुर्रकन गेलो. हे सरळ समोर बघत, मी तोंडावर पदर घेऊन, गाल ओले.

दोन मिनिटांत माझा फोन वाजला. उचलावा की न उचलावा? उचलला.

"ईनबाई! काय झालं?" व्याही. आमच्याकडं विहिणीला ईनबाई म्हणतात आणि व्याह्याला ईवाई.

"थांबता येत नाही हो ईवाई," मी म्हणाले. गाडी आदळत होती, माझा आवाज कापत होता. "चाकूरला निघालोय. मागून बोलते."

"बरं बरं. धीर धरा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

धीर धरा कामून म्हणाले, याचा विचार करायला मला उसंत नव्हती. कारण शिरूर ताजबंद मागं पडलं आणि ती साबुदाण्याची पुडी आपोआप विझली. मी टाळी वाजवली. यांनी लगेच वेग चाळीसवर आणला आणि कपाळ पुसलं, जसं काही धरणाचं दार बंद केलंय.

आक्का ओट्यावर बसून हातानं चाचपून तुरीची डाळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, ती इतकी हसली की सुपातली डाळ सांडली. मी थेंब घातले. जेमतेम पाऊण तास झाला असेल, तर दारात जीप थांबली आणि कुणीतरी गळा काढला.

"आक्का गं माय! आम्हाला न सांगता कशी गेलीस गं!"

विहीणबाई होत्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. मागून व्याही, टोपी काढून हातात धरलेली. विहीणबाई रडत रडत ओट्यावर आल्या आणि जी पहिली बाई हाताला लागली तिच्या गळ्यात पडल्या. ती आक्काच. आता आक्काला दिसत नाही. गळ्यात पडून कुणी रडायला लागलं तर आपण काय करतो? तिनंही गळा काढला. "अगं माय माय माय! काय झालं गं हे!" दोघी एकमेकींना धरून डुलत होत्या. मी "ईनबाई, अहो ईनबाई" करून राहिले, पण त्या आवाजात माझं कोण ऐकणार. गल्लीतल्या चार बायका धावत आल्या, त्याही पदर लावून बसल्या. कोण गेलं हे विचारायची ती वेळ नव्हती.

शेवटी आक्कालाच दम लागला. तिनं नाक पुसलं आणि हळूच विचारलं, "पर ईनबाई, गेलं कोण?"

विहीणबाईंनी मान मागं घेतली. डोळे पुसून नीट बघितलं.

"आव, तुमीच की!"

गल्लीतल्या बायकांनी डोळ्याचे पदर खाली घेतले. आक्कानं आपल्या गालाला हात लावून बघितला. खरंच, लावून बघितला.

मग व्याह्यांनी सांगितलं. चाळीसच्या वर कधी न जाणारा माणूस ऐंशीनं जातो, चहाला थांबत नाही, शेजारी बायको रडते, वर म्हणते चाकूरला निघालोय. "याचा दुसरा अर्थ काय व्हतो, तुमीच सांगा?" मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी पिठलं-भाकरी बांधून आणली होती. लोह्याच्या आतेभावाला खबर दिली होती, तो निघाला होता. पुण्याला पोरालाही फोन गेला होता.

पोराचा फोन तेवढ्यात आलाच. "आई, मावशी कधी गेली?"

आक्कानं फोन ओढून घेतला. "म्या बोलायलेय रे बाबा. आजून हाय."

मग पोरानं मला फोन द्यायला सांगितला. "आई, तुम्ही दोघं गाडी घेऊन निघता आणि दोन जिल्ह्यांत सुतक पडतं. मी दिवाळीत ती गाडी विकतो."

"पण लाइट विझलीय!" मी म्हणाले.

"परत लागेल," तो म्हणाला.

आणि लागणारच होती, कारण खरं संकट पुढं होतं. मी व्याह्यांना फिल्टर समजावून सांगितला, काजळी, गरम, पाऊण तास, सगळं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा कसनुसा होत गेला.

"म्हंजे फिल्टरसाठी माझ्या दारावरून तशाच गेलात?" ते म्हणाले. "मयत असतं तर मी समजलो असतो ईनबाई. पर फिल्टर?"

"लई वाईट वाटलं बगा," विहीणबाई म्हणाल्या. "माणसापरीस डबडं मोठं झालं का?"

"आता दर खेपेला थांबायचं. आमची इज्जत हाय का न्हाई?" व्याही म्हणाले.

यांनी आयुष्यात अनेक शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या समजावल्या, पण व्याह्यांना काही बोलता येईना. लेक ज्यांच्या घरात, त्यांना काय बोलायचं? थांबावं तर लाइट लागणार, गाडी जाणार, आक्का तुटणार. न थांबावं तर लेकीच्या सासरी कायमचं बोलणं.

आक्का भाकरी खात होती. हो, आपल्याच मयताची. "पिठलं लई झकास झालंय ईनबाई," ती म्हणाली, "मीठ जरा कमी हाय." मग बोटं चाटून म्हणाली, "तुमच्या गावात सप्त्याला वीणा अखंड असतो का न्हाई?"

"असतो की," व्याही म्हणाले. "सात दिवस खाली टेकत न्हाई. मी स्वतः दोन तास उभा असतो."

"तुमी वीणा गळ्यात घेऊन उभे असताना, या चहा घेऊ, म्हणून कुणी बलवतं का तुमाला?"

"असं कसं बलवील? अखंड हाय ना ते!"

"मग झालं. माझ्या या बारकीची गाडी बी सोमवारी अखंड हाय. नांदेडातून निघाली की माझ्या दारातच टेकायची."

व्याही विचारात पडले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "कोणत्या देवाचं?" त्यांनी विचारलं.

"देवाचं काय ते देव बगून घील. आपण नेम धरायचा."

विहीणबाईंनी हात जोडले. अगदी मनापासून. "तसं आधी सांगायचं न्हाई का मग!" त्या मला म्हणाल्या. "उगं फिल्टर फिल्टर कशाला करायलाव? अखंड म्हणलं की कुणी अडवतंय का!" फिल्टरचं सगळं त्यांनी पाच मिनिटांपूर्वीच माझ्या तोंडून ऐकलं होतं, बरं का. कुणाला काही लपवलेलं नव्हतं. फिल्टरसाठी थांबणार नाही म्हटलं की अपमान, आणि अखंडासाठी थांबणार नाही म्हटलं की पुण्य. गाडी तीच, काजळी तीच.

हे जावयासारखे रुसून बसले होते. परत येताना म्हणाले, "मी असले नेम धरत नाही." मी म्हणाले, "तुम्ही धरू नका, गाडीनं धरलाय." येताना मात्र व्याह्यांकडं थांबलो, दोन कप प्यालो. अखंड फक्त जातानाचं, असं आक्कानं स्पष्ट केलं होतं.

त्यानंतर दर दुसऱ्या सोमवारी काय थाट सांगू! आतेभाऊ पूर्वी हात आडवा करायचा, आता हात जोडून उभा. नणंदेनं सुनेला सांगून दारापुढचा रस्त्याचा तुकडा शिंपडून ठेवला होता, त्यावर आमची गाडी घसरता घसरता राहिली, मग तिला निरोप धाडावा लागला की रस्ता कोरडा असलेला देवाला चालतो. गाडी अडली ती फक्त एकदा, लोह्याच्या बाजाराच्या गर्दीत. तिथं एका पोलिसानं शिट्टी वाजवली, तर आतेभाऊ पुढं होऊन म्हणाला, "साहेब, अखंड हाय," आणि त्या बिचाऱ्यानं आधी रस्ता मोकळा केला, मग विचारलं, कशाचं. व्याह्यांनी आपल्या जीपचाही सोमवार धरला. ते अहमदपूरहून निघतात आणि कुठंही न थांबता परत अहमदपूरला येतात. त्यांच्या शेजारच्या दुकानदाराची गाडी पेट्रोलची, तिला असला फिल्टरच नाही, तोही धरतो. म्हणतो, मनाला बरं वाटतं.

आणि पडद्यावरचा आकडा चढला. सतरा, मग अठरा, एका सोमवारी एकोणीस. जोरात चालवून ॲव्हरेज वाढलं, हे यांना आतून लागलं. चार दिवस धड जेवले नाहीत. मग शहरात भाजीला जाताना परत चाळीसवर आले, पण सोमवारी मीच काही म्हणायच्या आत गिअर खाली टाकतात, आणि स्वतःशीच पुटपुटतात, "सोडा पाणी."

दिवाळीत पोरगा आला. आल्या आल्या गाडी गॅरेजला घेऊन गेला. मेस्त्रीनं मशीन लावलं आणि फिल्टर मोकळा आहे म्हणाला. पोराचा विश्वास बसेना. "मी स्वतः चालवून बघतो," म्हणाला. "सोमवारी चाकूरला मीच नेतो तुम्हाला. मग ठरवू." गाडीचा एक फोटोही काढून ठेवला, विकायची झाली तर असावा म्हणून. मी बघितलं ते.

सोमवारी हे मागच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोरगा छान चालवतो, सत्तर, ऐंशी. अहमदपूर आलं. रस्त्याकडेला व्याही आणि विहीणबाई दोघं उभे, दिवाळीचे नवे कपडे. पोरानं त्यांना बघितलं. बहिणीचे सासू-सासरे, दिवाळीचा दिवस. त्याचा पाय आपोआप वर आला, गाडी हळू झाली, डावीकडं कललीसुद्धा.

विहीणबाई ओरडतच पुढं आल्या. "आरं थांबू नको! थांबू नको रं बाबा! अखंड हाय!" दोन्ही हातांनी त्या गाडीला पुढं ढकलायच्या खुणा करत होत्या, कोंबड्या हाकलाव्या तशा. व्याही तर गाडीबरोबर दहा पावलं पळाले. "चल! चल! काटा पडू देऊ नको!"

पोरानं घाबरून गिअर टाकला आणि गाडी सुटली. मी खिडकीतून हात जोडले.

शिरूर ताजबंद आल्यावर त्यानं आरशात मागं बघितलं. मग म्हणाला, "आई, त्यांना माहीत आहे ना, हे फिल्टरचं आहे म्हणून?"

"माहीत आहे की. त्यांच्यासमोरच ठरलंय."

"मग?"

"मग काय?" मी म्हणाले.

आक्काच्या दारात त्यानं गाडी उभी केली, उतरला, आणि चावी यांच्या हातात दिली. "जाताना तुम्हीच चालवा बाबा," तो म्हणाला. "आणि ठेवा ही तुमच्याकडंच. मला रस्ताभर लोकांना हात जोडत ऐंशीनं जायला जमणार नाही."

यांनी चावी घेतली, सदऱ्याला पुसली, आणि त्याला म्हणाले, "घाट नाही, चढ नाही, तरी मधे एकदा तुझा अंगठा जड पडला."